दोन दिवसांची अधिवेशनं आणि मतदारांना द्यायचा हिशेब

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर कशाचं देते आहे ते इतरांनाही कळेल. तुम्ही एका आमदारांच्या संपर्क कार्यालयात काम करता. कार्य अहवालातली कोरोनाकाळाची पानं लिहिण्याचं काम तुमच्याकडे आलं आहे. गावबैठकीत एका शिक्षकांनी उभं राहून विचारलं, "साथीच्या दोन वर्षांत आमच्या आमदारांनी विधानसभेत कोणते कायदे केले?" बैठकीत कुणालाच धड उत्तर देता आलं नाही. आता कार्यालयातले सहकारी म्हणतात, धान्यवाटपाचे आणि ऑक्सिजनचे फोटो टाका, लोकांना तेच लक्षात आहे. तुम्हाला ते पटत नाही, पण अधिवेशनंच दोन-दोन दिवसांची झाली तर लिहायचं काय, आणि भाषणांचे व्हिडिओ दिले तर चालतील का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी बरीच वर्षं आमदारांच्या कार्यालयात विधिमंडळाचं काम पाहते. तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) तयार करणं, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) मुदतीत दाखल करणं, विधेयकाची प्रत हाती आली की त्यातलं आपल्या मतदारसंघाला काय लागू होतं ते काढून देणं, आणि अधिवेशन संपलं की लोकांना समजेल अशा भाषेत कळवणं. कोरोनाच्या काळातही हेच काम केलं. त्या अनुभवावरून सांगते, तुमची अडचण मजकूर कमी असण्याची नाहीच. लिहिण्यासारखं भरपूर आहे, पण ते चुकीच्या मथळ्याखाली शोधलं जातंय.

शिक्षकांचा प्रश्न वरवर पाहता कायद्यांच्या संख्येचा आहे. मला त्यात दुसरंच काही ऐकू येतं. त्या दोन वर्षांत लोकांच्या आयुष्यावर कागदांचा अंमल होता. दुकान किती वाजता बंद करायचं, लग्नाला किती माणसं, दुसऱ्या जिल्ह्यात जायला पास लागेल का, शाळेची फी भरायची की थांबायचं, दवाखान्याने मागितलेलं बिल बरोबर की चूक, मुदत संपलेल्या ग्रामपंचायतीचा कारभार कोण पाहणार. हे सगळं कुणीतरी ठरवत होतं. ते कोण, कोणत्या अधिकाराने, आणि ठरताना आपला आमदार कुठे होता, हे त्यांना हवं आहे. तो हिशेब द्यायचा असेल तर पहिली गोष्ट स्पष्ट लिहावी लागते: यातलं बहुतेक काही विधानसभेने ठरवलेलं नव्हतं.

हे लिहायला आमदार कचरतात. 'मग तुम्ही कशाला आहात' असं लोक विचारतील, ही भीती असते. माझा अनुभव उलट आहे. लोकांना खरी रचना सांगितली की ते नीट ऐकतात, आणि पुढचे प्रश्न जास्त नेमके विचारतात.

रचना अशी होती. ज्या कायद्याचा आधार घेतला तो १८९७ चा साथरोग कायदा, मुंबई इलाख्यातल्या प्लेगच्या वेळी इंग्रज सरकारने केलेला. राज्य सरकारने तो १३ मार्च २०२० पासून लागू केला आणि १४ मार्चला त्याखाली कोविडचे विनियम काढले. २५ मार्चपासूनची देशभरची टाळेबंदी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आली. पुढे टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठवणारे 'मिशन बिगिन अगेन' आणि २०२१ मधले निर्बंधांचे 'ब्रेक द चेन' हे राज्याचे आदेश मुख्य सचिवांच्या सहीने निघाले, आणि त्यांच्या चौकटीत जिल्हाधिकारी व महापालिका आयुक्त यांनी स्थानिक आदेश काढले. दोन्ही मूळ कायदे आधीपासून होते. नवा कायदा न करता सरकारला हे सगळं करता येत होतं.

आता तारीख पाहा. विनियम निघाले त्याच दिवशी, १४ मार्च २०२० ला, विधिमंडळाचं अर्थसंकल्पी अधिवेशन संपवण्यात आलं. ते २० मार्चपर्यंत चालायचं होतं. म्हणजे सरकारच्या हाती असाधारण अधिकार आले आणि सभागृहाला कुलूप लागलं, ते एकाच दिवशी. यात कुणाचा डाव होता असं मला म्हणायचं नाही. शेकडो माणसं बंद दालनात एकत्र बसवणं तेव्हा धोक्याचंच होतं. पण मतदाराला हा दिवस सांगितला पाहिजे, कारण तिथून पुढचे जवळजवळ सहा महिने त्याच्या वतीने सभागृहात कुणीच प्रश्न विचारू शकलं नाही.

सहा महिन्यांचं कारणही सांगा. घटनेच्या १७४ व्या अनुच्छेदानुसार एका अधिवेशनाची शेवटची बैठक आणि पुढच्याची पहिली बैठक यांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. पावसाळी अधिवेशन आधी २२ जूनला ठरलं होतं, ते ३ ऑगस्टवर गेलं, मग ७ सप्टेंबरवर. ७ आणि ८ सप्टेंबर असे दोनच दिवस ते झालं, मुदत संपायला जेमतेम आठवडा उरला होता. त्या दोन दिवसांत अध्यादेशांच्या जागची विधेयकं आणि २९ हजार कोटींहून अधिक रकमेच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, होत्या. प्रश्नोत्तराचा तास नव्हता, लक्षवेधी नव्हत्या. त्यानंतरचं हिवाळी अधिवेशन १४ आणि १५ डिसेंबरला, तेही नागपूरऐवजी मुंबईत. २०२१ चं अर्थसंकल्पी अधिवेशन १ ते १० मार्च, पावसाळी ५ आणि ६ जुलै, हिवाळी पुन्हा मुंबईतच २२ ते २८ डिसेंबर.

तुमचा मतदारसंघ विदर्भात असेल तर यावर दोन ओळी जास्त लिहा. नागपूरचं अधिवेशन तिथल्या माणसाला सरकारपर्यंत पायी पोचण्याची वर्षातली एक संधी असते. अंगणवाडी सेविका, संत्रा उत्पादक, पेन्शनवाले, सगळ्यांचे मोर्चे त्याच दिवसांत निघतात आणि मंत्र्यांना निवेदन घ्यायला बाहेर यावं लागतं. सलग दोन हिवाळे ते झालं नाही. अधिवेशन नागपूरला परतलं ते डिसेंबर २०२२ मध्ये. विदर्भातल्या लोकांनी काय गमावलं, हे त्यांच्या आमदाराच्या अहवालात असायलाच हवं.

आता प्रत्यक्ष नियमांकडे. मी तुमच्या जागी असते तर दवाखान्याच्या बिलापासून सुरुवात केली असती, कारण घराघरात तोच विषय होता. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने खाजगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांवर सरकारी दर लावले: साध्या वॉर्डसाठी दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागासाठी ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. पीपीई किट आणि काही महागडी औषधं-तपासण्या यात धरलेल्या नव्हत्या. ही अधिसूचना साथरोग कायदा, आपत्ती व्यवस्थापन कायदा, मेस्मा (अत्यावश्यक सेवा चालू ठेवण्याचा राज्याचा कायदा), शुश्रूषागृह म्हणजे नर्सिंग होमचा कायदा आणि सार्वजनिक विश्वस्त कायदा अशा जुन्या कायद्यांच्या आधारावर उभी होती. तिला मुदत होती आणि ती वेळोवेळी वाढवली गेली. १ जून २०२१ पासून शहरांचे तीन वर्ग झाले आणि तिसऱ्या वर्गात, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणांबाहेरच्या बहुतेक तालुक्यांत, वॉर्डचा दर २,४०० वर आला.

त्या काळात नातेवाईक कार्यालयात बिल घेऊन यायचे तेव्हा दर किती हे त्यांना बहुधा कळलेलं असायचं. 'आमच्या तालुक्याला आज कोणता दर लागू आहे, आणि दवाखाना ऐकत नसेल तर कुणाकडे जायचं' हे कळलेलं नसायचं. टीव्हीवर मुंबईचा आकडा यायचा आणि लोक तोच धरून भांडायचे. आमदाराने मतदारांना पाठवायच्या माहितीची खरी किंमत इथे होती: कोणता कागद, कुणाची सही, कुठवर लागू, कधीपर्यंत, तक्रार कुठे. अहवालात ही माहिती आता उशिरा दिसेल, तरी द्या. पुन्हा साथ आली तर कुठे पाहायचं हे लोकांच्या हाती राहील.

दुसरं उदाहरण पैशाचं. ते बहुतेक आमदारांच्या अहवालांत नसतंच, आणि मला ते फार खटकतं. मार्च २०२० मध्ये सभागृहाने अर्थसंकल्प मंजूर केला. त्यातली रस्त्यांची, पुलांची, इमारतींची कामं आमदारांनी गावोगाव जाहीर केली, फलकही लागले. मग ४ मे २०२० ला वित्त विभागाचा शासन निर्णय, म्हणजे जीआर, आला: विभागांना त्या वर्षी अर्थसंकल्पातल्या तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल, नवीन कामं हाती घ्यायची नाहीत, भरतीला बंदी. लोकप्रतिनिधींनी मंजूर केलेला आकडा एका जीआरने तिसऱ्या हिश्श्यावर आला. महसूल आटला होता, पगार आणि आरोग्याचा खर्च थांबवता येत नव्हता, हे कारण खरंच होतं. पण गावातला माणूस आजही विचारतो की मंजूर झालेला रस्ता गेला कुठे. त्याला 'कोरोनामुळे' एवढंच सांगणं पुरेसं नाही. कोणत्या तारखेच्या निर्णयाने थांबला, नंतर कोणत्या वर्षी पुन्हा घेतला किंवा घेतलाच नाही, हे कामनिहाय लिहा. तुमच्या अहवालातला सर्वांत जास्त वाचला जाणारा भाग हाच असेल.

आता अध्यादेश. सभागृह चालू नसताना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राज्यपाल २१३ व्या अनुच्छेदाखाली अध्यादेश काढतात. तो कायद्यासारखाच लागू होतो, पण सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचं विधेयक संमत झालं नाही तर तो संपतो. ग्रामीण मतदारसंघात याचं सर्वांत जवळचं उदाहरण ग्रामपंचायत प्रशासकांचं. २०२० मध्ये राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींच्या मुदती संपत होत्या आणि निवडणुका घेता येत नव्हत्या. जूनच्या शेवटी सरकारने ग्रामपंचायत कायद्यात अध्यादेशाने सुधारणा करून साथीच्या काळात प्रशासक नेमायची सोय केली. १३ जुलैच्या शासन निर्णयात म्हटलं की जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने 'योग्य व्यक्ती' नेमावी. गावागावांत लगेच अर्ज सुरू झाले, गट पडले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि अंतरिम आदेश आला की शक्यतो शासकीय अधिकारीच नेमा. सप्टेंबरच्या दोन दिवसांत अध्यादेशाच्या जागी विधेयक सभागृहात आलं. मतदान झालं १५ जानेवारी २०२१ ला.

या एका गोष्टीत अध्यादेश, शासन निर्णय, न्यायालय आणि सभागृह असे चारही टप्पे आले. म्हणून ती पूर्ण सांगा, आणि त्यात तुमच्या आमदारांची भूमिका तारखेसह लिहा. विधेयकाच्या बाजूने बोलले, विरोधात बोलले, सुधारणा सुचवली, की बोलायची वेळच मिळाली नाही? मतदारसंघातल्या कोणत्या ग्रामपंचायतींवर प्रशासक आले आणि कोण होते? 'ग्रामपंचायत सुधारणा विधेयकास पाठिंबा दिला' एवढ्या एका ओळीतून गावाला काहीच कळत नाही.

शाळेच्या फीचं मात्र जपून लिहा. ८ मे २०२० ला शासन निर्णय निघाला की २०२०-२१ साठी शाळांनी फी वाढवू नये. पालकांना मोठा दिलासा वाटला, तो जीआर मोबाईलवर सगळीकडे फिरला, आमदारांनीही पुढे पाठवला. २६ जूनला उच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. स्थगितीची बातमी त्या जोमाने फिरली नाही. त्यानंतर शाळेत गेलेले पालक मेमधला कागद दाखवत होते आणि शाळा न्यायालयाचा आदेश दाखवत होती. पुढे १२ ऑगस्ट २०२१ ला १५ टक्के कपातीचा वेगळा निर्णय आला, तो सर्वोच्च न्यायालयाच्या राजस्थानातल्या शाळांविषयीच्या निकालानंतर. यावरून माझ्या कामात एक शिस्त पक्की झाली: लोकांना एखादा आदेश कळवला की तो एका वहीत नोंदवायचा, आणि तो बदलला, थांबला किंवा संपला की तितक्याच लोकांना तितक्याच ठळकपणे कळवायचं. आनंदाची बातमी पाठवणारे पुष्कळ असतात. 'तो आदेश आता लागू नाही' हे सांगणारं कार्यालय लोक विसरत नाहीत.

इथे जीआरबद्दलही सांगते, कारण त्या काळात बनावट कागद खूप फिरले. शासन निर्णयाच्या शेवटी संगणक सांकेतांक, म्हणजे त्या निर्णयाचा स्वतंत्र क्रमांक, असतो. शासनाच्या संकेतस्थळावर तो टाकून मूळ प्रत निघते. न निघाल्यास पुढे पाठवायचं नाही, मग तो कितीही ओळखीच्या माणसाकडून आलेला असो.

'कायदा झाला' हे शब्द किती सांभाळून वापरावेत यासाठी शक्ती विधेयक पाहा. महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांसाठीचं हे विधेयक १४ डिसेंबर २०२० ला विधानसभेत मांडलं गेलं. त्या रात्रीच कित्येक आमदारांच्या समाजमाध्यमांवरच्या पानांवर 'शक्ती कायदा झाला' असे फलक दिसले. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीने वर्षभर काम केलं, संघटनांची मतं ऐकली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते एकमताने संमत केलं. केंद्रीय फौजदारी कायद्यांत बदल करणारं असल्याने त्याला राष्ट्रपतींची संमती लागत होती. ती मिळाली नाही आणि कायदा अमलात आला नाही. मांडलं, समितीकडे गेलं, संमत झालं, संमती मिळाली, राजपत्रात आलं, अमलात आलं, हे सगळे वेगळे टप्पे आहेत. आपल्या मुलीसाठी न्याय मागणारी आई पोलीस ठाण्यात जाऊन 'शक्ती कायद्याखाली गुन्हा नोंदवा' म्हणते आणि तिला सांगितलं जातं की असा कायदाच नाही, तेव्हा त्या फलकाची किंमत ती मोजते. म्हणून विधेयकाच्या नावापुढे ते आज कोणत्या टप्प्यावर आहे ते लिहा. टप्पा माहीत नसेल तर विधेयकाचं नाव छापू नका.

काही गोष्टी तुमच्या आमदारांच्या स्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या मला माहीत नाहीत. ते सत्तारूढ बाजूला होते की विरोधात, यावर मजकुराचा सूर बदलेल. सत्तारूढ आमदार सभागृहात कमी बोलतो, पण मंत्र्यांकडे त्याचं पत्र लवकर पोचतं. विरोधी आमदाराला पत्राचं उत्तर उशिरा मिळतं, पण तो चर्चेत जास्त मांडू शकतो. एखाद्या समितीवर असतील तर तिथलं काम शोधा, कारण सभागृह बंद असतानाही समितीच्या कामाला महत्त्व होतं. विधान परिषदेचे पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघातले असतील तर मतदार जिल्ह्या-जिल्ह्यांत पसरलेले असतात. त्यांच्यासाठी गाववार मांडणी चालणार नाही, विषयवार करा.

आणि ५ जुलै २०२१ ला एका वर्षासाठी निलंबित झालेल्या १२ आमदारांपैकी ते असतील तर ते लपवू नका. गोंधळ झाला, निलंबन झालं, आणि २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने चालू अधिवेशनापलीकडचं निलंबन घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. त्या दिवशी काय घडलं यावर दोन्ही बाजूंचं मत वेगळं आहे, ते असू द्या. मतदाराच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की मधल्या डिसेंबरच्या अधिवेशनात त्याच्या मतदारसंघाचा आवाज सभागृहात नव्हता. त्या अधिवेशनात काय मंजूर झालं आणि तिथे आपण नसल्याने काय मांडायचं राहिलं, हे लिहिण्याचा मोठेपणा दाखवला तर वाचणारा त्याची कदर करेल.

त्याच जुलैच्या अधिवेशनात, ६ तारखेला, केंद्राच्या कृषी कायद्यांत राज्यापुरते बदल करणारी तीन विधेयकं मांडून लोकांच्या सूचनांसाठी दोन महिने खुली ठेवली होती. पुढे केंद्राने ते कायदेच मागे घेतले आणि या विधेयकांचं कारण उरलं नाही. पण ते दोन महिने ही दुर्मीळ संधी होती: साथीच्या काळात शेतकऱ्याला कायद्याच्या मसुद्यावर लेखी म्हणणं मांडता येत होतं. तुमच्या कार्यालयाने तेव्हा बाजार समितीत, शेतकरी गटांत मसुदा पोचवला होता का? पोचवला असेल तर किती सूचना आल्या, कुणाकडे दिल्या ते नक्की छापा. कायदा करण्यात मतदारांना सामील करून घेणं म्हणजे नेमकं हेच.

मदतकार्याबद्दल. सहकाऱ्यांचं म्हणणं अगदीच मोडीत काढू नका. ऑक्सिजन मिळवून देणं हे कामच होतं, आणि ते लोकांच्या लक्षात आहे ते योग्यच आहे. फक्त ते कायद्याच्या पानावर घालू नका आणि पैशाचा स्रोत लिहा. एप्रिल २०२१ मध्ये प्रत्येक आमदाराला स्थानिक विकास निधीतले एक कोटी रुपयांपर्यंत कोविडसाठी खर्च करायची मुभा दिली गेली. हा सरकारी पैसा. कारखान्याने दिलेलं यंत्र वेगळं, कार्यकर्त्यांनी वर्गणी काढून घेतलेलं वेगळं, आमदारांनी खिशातून दिलेलं वेगळं. निधीतून काय घेतलं, कुठल्या रुग्णालयात बसवलं आणि ते आज चालू आहे का, हे तपासून लिहा. धूळ खात पडलेल्या यंत्राचा फोटो छापलात तर तिथली परिचारिकाच तुम्हाला सांगेल.

रुग्णांचे फोटो आणि नावं मात्र पूर्ण काढून टाका. इंजेक्शनसाठी, खाटेसाठी धावणाऱ्या माणसांची नावं, वयं, आजार तेव्हा सगळीकडे फिरले. त्यातले काही आज नाहीत. त्यांच्या घरच्यांची परवानगी कुणी घेतली नव्हती. मदत किती जणांना झाली हे नोंदवहीवरून सांगा, चेहरे नकोत.

मग पान कसं लिहायचं? मी प्रत्येक विषयाचा एक छोटा परिच्छेद करते, रोजच्या बोलीत. दवाखान्याच्या बिलाचा असा होईल:

"दवाखान्याचं बिल. हा नियम विधानसभेने केलेला नाही, राज्य सरकारने अधिसूचना काढून केला. आपल्या तालुक्यात १ जून २०२१ पासून साध्या वॉर्डसाठी दिवसाला २,४०० रुपये दर लागू होता. जास्त बिलाची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची होती. आमदारांनी याबाबत अमुक तारखेला पत्र दिलं, अमुक तारखेला उत्तर आलं, उत्तर असं होतं. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास नसल्याने हा प्रश्न सभागृहात विचारता आला नाही."

यातलं शेवटचं वाक्य काढून टाकण्याचा आग्रह कार्यालयात होईल. ते राहू द्या. काय झालं नाही आणि का झालं नाही हे लिहिलेलं असलं की बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो. शिवाय ते खरं आहे, आणि पुढच्या वेळी प्रश्नोत्तराचा तास रद्द करायचा विषय निघाला तर मतदारच त्याला विरोध करायला उभे राहतील. मला स्वतःला हे मनापासून वाटतं: साथीत सभागृह कमी दिवस भरणं समजू शकतं, पण लेखी प्रश्नांची लेखी उत्तरं द्यायला कुणी एका खोलीत जमायची गरज नव्हती. तेवढं तरी मागायला हवं होतं, सगळ्या पक्षांनी मिळून.

पत्रांच्या बाबतीत एक काळजी घ्या. 'पाठपुरावा केला' हे शब्द अहवालात शंभर वेळा येतात आणि त्यांचा अर्थ कुणालाच लागत नाही. पत्राची तारीख, कुणाला दिलं, उत्तर आलं का. उत्तर आलं नसेल तर 'उत्तर आलेलं नाही' असं लिहा. आवक-जावक नोंदवही काढून बसा, दोन दिवस जातील, पण त्यातून चार पानांऐवजी आठ पानांचा मजकूर निघेल. मग निवड करणं हेच तुमचं काम उरेल.

लांबीबद्दलही विचार करा. छापील अहवाल घरातली वडीलधारी माणसं वाचतात, तरुण वाचत नाहीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक विषयाचा दोन मिनिटांचा आवाजी निरोप करून गावच्या गटावर पाठवा. आमदारांनी स्वतःच्या आवाजात, कागदावरचंच वाचलं तरी पुरे. वर पार्श्वसंगीत नको.

राहिला व्हिडिओंचा प्रश्न. द्या, पण कापलेले तुकडे नकोत. अर्ध्या मिनिटाचा आवेशपूर्ण तुकडा ऐकून लोकांना वाटतं की मागणी मान्य झाली. मंत्र्यांचं उत्तर त्यात नसतंच. प्रत्येक व्हिडिओखाली तारीख, कोणत्या विधेयकावर किंवा चर्चेत बोलले, आणि सरकारने काय उत्तर दिलं ते एका वाक्यात लिहा. उत्तर दिलं गेलं नसेल तर तसं लिहा. आमदार जे बोलल्याचं आठवतं आणि कार्यवाहीत जे नोंदलं गेलं यांत फरक निघू शकतो, म्हणून छापण्याआधी विधिमंडळाच्या संकेतस्थळावरून त्या दिवसाची कार्यवाही काढून शब्द पडताळा. तिथे सापडली नाही तर आमदारांच्या सहीचं पत्र देऊन विधान भवनाच्या ग्रंथालयाकडे मागा. हे काम छपाईच्या आदल्या आठवड्यावर ठेवू नका, आत्ताच सुरू करा.